टेबलावर मावणारी मायक्रोग्रिड: विकत घ्यायची की बांधायची?

तिसरी_फेज (धागाकर्ती), सोमवार रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. मी एका जिल्ह्याच्या गावातल्या इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रिकल शिकवते. यंदा शेवटच्या वर्षाला अक्षय ऊर्जेचं प्रात्यक्षिक आलंय. लॅबमध्ये सध्या गच्चीवरची दोन पॅनेलं, एक चार्ज कंट्रोलर आणि एक बॅटरी आहे. बॅटरी मेलेली.

मायक्रोग्रिड ट्रेनरचं (शिकवायच्या तयार संचाचं) कोटेशन मागवलं. त्या किमतीत प्राचार्यांची गाडी आली असती. पुढे रंगीत आकृती छापलेली, बनाना पिना, डिजिटल मीटर, सगळं चकाचक. डेमोला आलेल्या गृहस्थांना विचारलं, एकाच बसवर (सामाईक तारांवर) दोन इन्व्हर्टर चालवले तर कुणी किती लोड उचलायचा हे मुलांना बदलून बघता येईल का? म्हणाले, "मॅडम, ते आतमध्ये ऑटोमॅटिक होतं." अहो, मला नेमकं ते 'आतमध्ये'च शिकवायचंय! आणि उघडलं तर वॉरंटी जाते.

हाताशी दीड लाख, एम.टेक.ची दोन मुलं आणि दिवाळीपर्यंतचा वेळ. डोक्यात आहे ते असं: ४८ व्होल्टचा डीसी बस, त्यावर सोलर आणि बॅटरी, पुढे शंभर-शंभर व्हीएचे दोन इन्व्हर्टर समांतर. कुणी केलंय का? कुठे हात पोळतात ते आधीच सांगा.

सोल्डरबहाद्दर, सोमवार रात्री ११:३०

बांधा. डोळे झाकून बांधा. (सोल्डरिंग करताना मात्र उघडे ठेवा.)

४८ व्होल्ट अगदी बरोबर. डीसी १२० च्या आत आणि एसी ५० च्या आत राहिलात की कोरड्या हाताने चुकून स्पर्श झाला तरी सहसा जिवावर बेतत नाही. मुलांना उघड्या सर्किटजवळ उभं करायचं तर याला पर्याय नाही. आयआयटी मद्रासच्या मंडळींनी घरांसाठी ४८ व्होल्ट डीसीचाच आग्रह धरला होता, २०१७ मध्ये त्याचं भारतीय मानकही आलं. म्हणजे कमिटीसमोर 'खेळण्यातला व्होल्टेज' म्हणून कुणी नाक मुरडलं तर उत्तर तयार आहे.

एसी बाजू २४ व्होल्टची ठेवा. ४८ च्या बसवरून साध्या एच-ब्रिजने (डीसीची दिशा उलटसुलट करणारे चार स्विच) २४ आरएमएस (एसीचा परिणामी व्होल्टेज) आरामात निघतो, शिखर ३४ च्या आसपास येतं. लोड म्हणून ट्रकचे २४ व्होल्टचे हॅलोजन, ७० वॅटवाले. स्वस्त, कुठल्याही ऑटो स्पेअरच्या दुकानात मिळतात, आणि चालू-बंद झालेलं शेवटच्या बाकावरूनही दिसतं. एक मेख आहे. थंड फिलामेंटचा रेझिस्टन्स गरम असतानाच्या साधारण दहावा भाग असतो. बल्ब लावला रे लावला की इन्व्हर्टर ओव्हरकरंटवर ट्रिप. आम्ही दोन दिवस कोडमध्ये चूक शोधत होतो, चूक काचेच्या आत होती.

तयार साइनवेव्ह बोर्ड मिळतात, ईजी८०१० चिपवाले. ते घेऊ नका. फ्रिक्वेन्सी ५० किंवा ६०, झालं. तुम्हाला ती चालता चालता पाव-पाव हर्ट्झने हलवायची आहे. एसटीएम३२ जी४७४ चा न्यूक्लिओ बोर्ड किंवा टीआयचा सी२००० लाँचपॅड घ्या (दोन्ही प्रोग्रॅम करता येणारे कंट्रोलर बोर्ड), पीडब्ल्यूएम, म्हणजे स्विच चालू-बंद करायचा वेग, २० किलोहर्ट्झ.

मॉसफेट (इन्व्हर्टरमधले इलेक्ट्रॉनिक स्विच) लॅमिंग्टन रोडवरून घ्या नाहीतर पासोड्या विठोबाच्या बोळातून, पण पन्नास एकदम घेऊ नका. आधी दोन आणा, दहा अँपिअर सोडून ड्रेन आणि सोर्स या दोन पायांमधला व्होल्टेज मोजा आणि दहाने भागा. आयआरएफ५४०एन असं छापलेलं असेल तर ४४ मिलिओहमच्या आसपास उत्तर यायला हवं. ते दुप्पट आलं की समजायचं, छपाई तेवढी खरी आहे.

वाचनमात्र, मंगळवार सकाळी ८:०५

मी कॉमर्सवाला. मायक्रोग्रिड म्हणजे आमच्या सोसायटीचा जनरेटर का?

गव्हर्नरकाका, मंगळवार सकाळी ९:१२

वाचनमात्र, जवळपास. जनरेटर, सोलर, बॅटरी आणि लोड यांचं एक कुटुंब, जे मोठ्या ग्रिडला जोडून राहतं आणि वेळ पडली तर वेगळी चूल मांडतं. वेगळी चूल मांडण्याला आयलँडिंग म्हणतात.

साखर कारखान्यात ३१ वर्षं काढली, पॉवर हाउसला. सीझनमध्ये बगॅस (उसाचा चोथा) जाळून टर्बाइन चालते, कारखान्याचा लोड भागवून उरलेली वीज बाहेर जाते. बाहेरची लाइन पडली की आम्ही बेट. कारखाना म्हणजे मायक्रोग्रिडच की, फक्त हा शब्द तेव्हा कुणी वापरत नव्हतं.

मॅडम, तुमच्या 'आतमध्ये ऑटोमॅटिक'चं उत्तर गव्हर्नरच्या (टर्बाइनचा वेग सांभाळणाऱ्या यंत्रणेच्या) ड्रूपमध्ये आहे. आमच्याकडे चार टक्के ठेवायचे. म्हणजे बिनलोडपासून पूर्ण लोडपर्यंत गेलं की मशीनचा वेग चार टक्के खाली येणार, ५० चे ४८ हर्ट्झ. नवीन पोरांना वाटतं हा दोष आहे. अरे, हाच तर निरोप आहे! फ्रिक्वेन्सी उतरली की दुसऱ्या मशीनला कळतं, लोड वाढला, आपण उचलायला हवा. मध्ये तार नाही, फोन नाही. दोन्ही मशीनं 'मी ५० च ठेवणार' म्हणून हटून बसली की एक सगळा लोड ओढते आणि दुसरी आयती बसते, कधी कधी उलटी मोटर होऊन फिरते.

तुमचे इन्व्हर्टर असेच चालवा. एकाला शंभर वॅटला १ हर्ट्झचा उतार द्या, दुसऱ्याला शंभर वॅटला २ हर्ट्झचा. वर ९० वॅटचा लोड टाका. पहिला ६० उचलेल, दुसरा ३०, आणि फ्रिक्वेन्सी ४९.४ वर थांबेल. हा हिशेब पोरांकडून आधी वहीत करून घ्या, मग स्विच दाबा.

एक सक्त ताकीद. लॅबमध्ये बनवलेला इन्व्हर्टर महावितरणच्या तारेला लावायचा नाही. बाहेरच्या ग्रिडला जोडायचा इन्व्हर्टर ग्रिड गेल्यावर दोन सेकंदांत गप्प झाला पाहिजे, तशी चाचणी पास झालेला हवा. नाहीतर खांबावर वायरमन चढलेला असतो आणि त्याला वाटतं लाइन मेलेली आहे. मी हे एकदा जवळून पाहिलंय, इथे लिहिणार नाही.

वाचनमात्र, मंगळवार सकाळी ९:४०

म्हणजे मुंबईचं आयलँडिंग म्हणतात ते हेच? मग १२ ऑक्टोबर २०२० ला काय झालं होतं? आमची अख्खी लोकल मध्येच उभी होती.

गव्हर्नरकाका, मंगळवार सकाळी १०:०१

तेच, मोठ्या मापाचं. बेट तोडणं अवघड नसतं, तोडल्यावर आतली निर्मिती आणि आतला लोड जुळायला लागतो. लोड जास्त असेल तर फ्रिक्वेन्सी घसरत जाते. तेवढ्या वेळात पुरेसा लोड कापला नाही तर एकेक मशीन स्वतःला वाचवायला बाहेर पडतं आणि बेट बुडतं. त्या दिवशी बेट टिकलं नाही. बाकी धाग्याचा विषय नको मोडायला.

सिम्युलेशन_सम्राट, मंगळवार दुपारी १:२०

एवढा खटाटोप कशाला? हे सगळं संगणकावर, सिम्युलिंक या प्रोग्रॅममध्ये, एका दुपारी होतं. बल्ब उडत नाहीत, मॉसफेट जळत नाहीत. दीड लाखात चांगले संगणक घ्या.

उत्तरेचा_वारा, मंगळवार रात्री १२:१५ (तुमची, माझी नाही)

सम्राट, मी डेन्मार्कात मायक्रोग्रिड कंट्रोलवर पीएचडी करतोय. दिवसाचे सहा तास सिम्युलेशनमध्येच जातात, तेव्हा माझं त्याच्याशी वैर नाही. पण सिम्युलेशनमधले दोन इन्व्हर्टर जुळे भाऊ असतात. टेबलावरचे नसतात, आणि खरी गंमत तिथून सुरू होते.

काकांनी सांगितलेला फ्रिक्वेन्सीचा ड्रूप टेबलावर पहिल्या आठवड्यात चालेल. कारण फ्रिक्वेन्सी सगळीकडे सारखीच असते, मोजण्यात चूक व्हायला फारसा वाव नाही. व्होल्टेजचं तसं नाही. समजा एका इन्व्हर्टरचा व्होल्टेज सेन्सर फक्त १ टक्का चुकीचा वाचतो. २४ व्होल्टवर फरक पडला ०.२४. दोघांना जोडायला तुम्ही १.५ चौरस मिलिमीटरची वायर घेतली, दोन मीटर जाणारी आणि दोन मीटर येणारी. तिचा रेझिस्टन्स मीटरला १२ मिलिओहम, म्हणजे चार मीटरचा जेमतेम ०.०४८ ओहम. भागाकार करा: ५ अँपिअर. लोड काही नाही, बल्ब बंद, आणि ज्या इन्व्हर्टरची ऐपतच चार-साडेचार अँपिअरची आहे त्यांच्यात पाच अँपिअर नुसते गोल फिरताहेत. दोघेही ट्रिप. मुलं म्हणणार, कोड चुकला. कोड बरोबर आहे, टेबल लहान आहे.

मोठ्या ग्रिडमध्ये मधल्या लाइनचा रिअ‍ॅक्टन्स (कॉइलसारख्या गुणामुळे एसीला होणारा अडथळा) हा झगडा सोसून घेतो. पुस्तकातला ड्रूप तेच गृहीत धरतो. लो-व्होल्टेज वायरमध्ये रेझिस्टन्सच जास्त असतो, रिअ‍ॅक्टन्स नावाला. म्हणून प्रत्येक इन्व्हर्टरच्या तोंडाशी १ मिलिहेन्रीचा चोक (गाभ्यावर गुंडाळलेली तांब्याची कॉइल) लावा. ५० हर्ट्झला तो ०.३१ ओहम होतो, दोन मिळून ०.६३. तोच १ टक्क्याचा फरक आता ०.४ अँपिअरच्याही आत बसतो. पुढच्या टप्प्यात चोक काढा आणि तेच काम कोडमध्ये करा, म्हणजे करंट मोजायचा आणि जणू चोक तिथे आहे अशा हिशेबाने व्होल्टेजची आज्ञा खाली आणायची. याला व्हर्च्युअल इम्पिडन्स म्हणतात. आधी तांब्याचा चोक हातात धरलेल्या मुलाला हा शब्द पुन्हा समजावावा लागत नाही.

तुमच्या एम.टेक.च्या एका मुलाचा प्रबंध यातच आहे, बरं का.

धो_धो_पाऊस, बुधवार सायंकाळी ६:५०

आम्ही तळकोकणातले. इथे जून ते सप्टेंबर पॅनेलवर शेवाळ येतं, ऊन येत नाही. आणि ऊन असलं तरी प्रयोगाच्या मधोमध ढग येतो, तीन बॅचची तीन उत्तरं. सोलर एम्युलेटर (पॅनेलची नक्कल करणारा सप्लाय) घ्यायला गेलं तर तुमचं बजेट तिथेच संपेल.

त्यावर एक जुनी युक्ती आहे. पॅनेल खोलीतच ठेवा, उन्हात नाही. त्याला समांतर साधा बेंच सप्लाय लावा, पॉझिटिव्हला पॉझिटिव्ह, कॉन्स्टंट करंट मोडमध्ये. पॅनेल म्हणजे शेवटी एकामागे एक लावलेले डायोड, आणि ऊन म्हणजे त्यात घुसणारा करंट. तो करंट आता तुम्ही सप्लायमधून देताय. ३६ सेलच्या १०० वॅटच्या पॅनेलला ३ अँपिअर दिला की कन्व्हर्टरला ते अर्ध्या उन्हातलं पॅनेल वाटतं, खराखुरा आयव्ही कर्व्ह (करंट-व्होल्टेजचा आलेख) मिळतो, गुडघ्यासकट. नॉब फिरवला की ढग आला. व्होल्टेज लिमिट २५ वर ठेवा. लोड काढला की सगळी वीज पॅनेलमध्येच जिरते, साधारण साठ वॅट, पॅनेल कोमट लागतं, घाबरू नका. फक्त पॅनेलच्या डब्यात ब्लॉकिंग डायोड (पॅनेलमध्ये उलटा करंट जाऊ न देणारा) बसवलेला असेल तर हे चालत नाही, तो आधी काढा.

आमच्या मुलांनी एमपीपीटीचा (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढणाऱ्या कंट्रोलचा) पर्टर्ब अँड ऑब्झर्व्ह, म्हणजे थोडं हलवून बघायचा कोड, यावरच लावला, आषाढात, छत्र्या वाळत घातलेल्या लॅबमध्ये.

तिसरी_फेज, बुधवार रात्री ११:०५

धो_धो_पाऊस, हे वाचून मी जागेवरून उठून लॅबच्या किल्ल्या शोधायला लागले. नवऱ्याने घड्याळ दाखवलं.

काका, तुमचा सगळा प्रतिसाद छापून लॅबच्या दारावर लावतेय. महावितरणचं पक्कं लक्षात ठेवलं. पण मग सिंक्रोनायझेशन (दोन बाजू जुळवून जोडणं) शिकवायला 'मोठं ग्रिड' कुठून आणू?

गव्हर्नरकाका, गुरुवार सकाळी ७:३०

मशीन लॅबमध्ये डीसी मोटर आणि अल्टरनेटरचा सेट असेलच, प्रत्येक कॉलेजात धूळ खात असतो. तो तुमचा ग्रिड. एका फेजवर २३० ते २४ चा ट्रान्सफॉर्मर लावा. मधल्या स्विचवर दिवे टाका, जुनी काळोखाची पद्धत. एक दिवा पुरणार नाही. दोन्ही बाजू विरुद्ध झाल्या की मध्ये ४८ व्होल्ट येतात, म्हणून २४ चे दोन दिवे सिरीजमध्ये. फ्रिक्वेन्सीत ०.२ चा फरक असेल तर दर पाच सेकंदांनी दिवे विझतील. विझले की लगेच स्विच मारायचा नाही. दिवा काळा दिसतो तेव्हा थोडा व्होल्टेज उरलेला असतो. अंधाराच्या मध्यावर मारायचा. पोरांना आधी पाच-सहा फेऱ्या तोंडाने मोजायला लावा.

३१ डिसेंबर २०१३ ला सोलापूर-रायचूर ७६५ केव्हीच्या लाइनवर दक्षिणेचं ग्रिड बाकी देशाला जोडलं, तेव्हाही हेच तीन जुळवले: व्होल्टेज, फ्रिक्वेन्सी, फेज. आम्ही कारखान्यात टीव्हीपेक्षा फ्रिक्वेन्सी मीटरकडे बघत बसलो होतो.

सोल्डरबहाद्दर, गुरुवार दुपारी ३:४४

आता जिथे आमचे हात पोळले ते. धागाकर्तीने मागितलंच आहे.

बस ४८ चा, म्हणून मी ६३ व्होल्टचे कपॅसिटर लावले. पंधरा व्होल्टचं अंतर पुरे, असं वाटलं. बॅटरी १६ सेलची एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट), नॉमिनल ५१.२. दुपारी ती पूर्ण भरली. एका सेलने ३.६५ गाठले आणि बीएमएसने (बॅटरीवर नजर ठेवणाऱ्या सर्किटने), त्याच्या परीने योग्यच, बॅटरी बसपासून तोडली. बीएमएसने बूस्ट कन्व्हर्टरला (पॅनेलचा व्होल्टेज चढवून बसवर देणाऱ्याला) सांगायची काही सोय नव्हती. तो बिचारा एमपीपीटी इमानदारीने करत राहिला. आता वीज जाणार कुठे? लॉगमध्ये शेवटचं रीडिंग ७१ व्होल्ट. मग फट् असा आवाज, पांढरा धूर, आणि मासळी जळाल्यासारखा वास जो तीन दिवस पडद्यांना राहिला. कपॅसिटरचं टोपण छताच्या पंख्याला लागून खाली आलं. त्या वेळी कुणी वाकून बघत नव्हतं, एवढंच नशीब.

तेव्हा कपॅसिटर १०० व्होल्टचे. कंपॅरेटरवर (दोन व्होल्टेजची तुलना करणाऱ्या चिपवर) चालणारं ओव्हरव्होल्टेज संरक्षण, कोडमधलं नव्हे, हार्डवेअरमधलं, कारण प्रोसेसर हँग झाला तरी ते चाललं पाहिजे. आणि बसवर डंप लोड (जास्तीची वीज जिरवायला), आपले ट्रकचे बल्बच. मुलं डोळ्यांवर चष्मे घालणार, 'सर दोनच मिनिटं' म्हणाली तरी.

दुसरं: स्कोपच्या (ऑसिलोस्कोपच्या) प्रोबची अर्थ क्लिप ब्रिजच्या मधल्या पॉइंटला लावायची नाही. स्कोपची अर्थ भिंतीच्या अर्थला जोडलेली असते आणि तुमच्या बसचा मायनसही कुठून तरी तिथेच गेलेला असतो. मॉसफेटला तेवढं निमित्त पुरतं. डिफरन्शियल प्रोब घ्या, महाग आहे, तरी घ्या.

उत्तरेचा_वारा, गुरुवार रात्री ११:५०

सोल्डरबहाद्दरांच्या स्फोटावरून आठवलं. ग्रीसमधल्या किथ्नॉस बेटावर एका वस्तीत बारा सुट्ट्यांची घरं आहेत, २००१ पासून त्यांची स्वतःची मायक्रोग्रिड. तिथे बॅटरी भरत आली की बॅटरीचा इन्व्हर्टर मुद्दाम फ्रिक्वेन्सी वर नेतो. सोलर इन्व्हर्टर ती वाचतात आणि हात आखडता घेतात. पुन्हा तेच, काकांचा निरोप, फक्त उलट दिशेने. मॅडम, तुमच्या सेटवर हा प्रयोग नक्की ठेवा. त्यासाठी निदान एक सोलर थेट एसी बाजूला जोडावं लागेल.

आणि मुलांना आरएस-४८५ वरून (बोर्डांना आपसात बोलायच्या केबलवरून) सगळे बोर्ड जोडून सुंदर डॅशबोर्ड करावासा वाटेल. करू द्या. मग चालू सेटवर ती केबल उपटून दाखवा. दिवे चालू राहिले पाहिजेत.

जुन्नरची_वाट, शुक्रवार सकाळी ११:१०

लोडमध्ये एखादी मोटरही घ्या हो. आमच्या जुन्नर तालुक्यात दरेवाडीला २०१२ मध्ये ग्राम ऊर्जा या कंपनीने सौर मायक्रोग्रिड उभी केली, साधारण नऊ-साडेनऊ किलोवॉटची, तेव्हा तिथे ग्रिडच नव्हतं. वस्तीत दिवे आणि टीव्हीचं काही वाटत नाही. खरी परीक्षा पिठाच्या गिरणीची. इंडक्शन मोटर सुरू होताना पाच-सात पट करंट मागते आणि इन्व्हर्टर म्हणतो, माझ्याच्याने नाही. बल्बवर शिकलेल्या मुलांना हे गावात गेल्यावर कळतं.

सिम्युलेशन_सम्राट, शुक्रवार दुपारी २:०२

ठीक आहे. मान्य. पण पाच अँपिअर गोल फिरणारं मॉडेल मी आज केलं, सेन्सरची चूक घालून. बरोब्बर आलं. (कोडाच्या आधी हे केलं तर मॉसफेट वाचतील, एवढं तरी कबूल करा.)

सोल्डरबहाद्दर, शुक्रवार दुपारी २:०९

कबूल. वडापाव माझ्याकडून.

तिसरी_फेज, साडेतीन महिन्यांनी, रविवार रात्री

धागा वर काढतेय.

सेट उभा आहे. एका प्लायवुडवर, सगळं उघडं, वर पॉलिकार्बोनेटची शीट. सात मॉसफेट गेले, त्यातला एक स्कोपच्या क्लिपने, म्हणजे वाचूनही गेला. पाच अँपिअर गोल फिरले, अगदी उत्तरेचा_वारा म्हणाले तसेच, सेन्सरमध्ये फरक १.३ टक्के निघाला. चोक कुठे मिळेना. शेवटी गावातल्या पंपमोटर रिवाइंड करणाऱ्या मामांकडे गेले. मिलिहेन्री म्हणजे काय ते त्यांना माहीत नव्हतं आणि गॅप (गाभ्यातली फट) म्हणजे काय ते मला हातात माहीत नव्हतं. त्यांनी स्टँपिंगच्या (गाभ्याच्या लोखंडी पत्र्यांच्या) मध्ये लेदरॉइड कागदाचे तुकडे घातले, मी मिलिहेन्री मोजणारं एलसीआर मीटर धरून बसले. एक तुकडा घातला की आकडा खाली, काढला की वर. तिसऱ्या खेपेला १.०२ आला. मामा म्हणाले, "कागदानं वीज कमी-जास्त होते व्हय?" आता ते आमच्या पुढच्या बॅचला अर्धा तास शिकवायला येणार आहेत, मी प्राचार्यांची परवानगी काढलीय.

काल पहिल्यांदा ९० वॅट टाकले. वहीत ६० आणि ३०, मीटरवर ५८ आणि ३१. फ्रिक्वेन्सी ४९.४. एका मुलीने लगेच विचारलं, मग ५० वर परत कोण आणणार? सेकंडरी कंट्रोल पुढच्या आठवड्यात होता, तो कालच सुरू झाला. केबल उपटली, दिवे राहिले.

गिरणीची मोटर अजून जमलेली नाही. २४ व्होल्टची छोटी इंडक्शन मोटर कुठे मिळते, की तीही मामांकडूनच रिवाइंड करून घेऊ?

गव्हर्नरकाका, सोमवार सकाळी ६:१५

मामांकडूनच घ्या. जुन्या टेबलफॅनची मोटर न्या, वेढे साधारण दहावा हिस्सा आणि तारेचा छेद तेवढ्याच पटीने मोठा, म्हणजे जाडी साधारण तिप्पट, रनिंग आणि स्टार्टिंग दोन्ही. कपॅसिटर मात्र बदलावा लागेल, त्याचा हिशेब तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.